आधी नोंद, मग परीक्षण, मग चर्चा: वाचनगटाच्या कामाचा क्रम

बहुतेक वाचनगट पुस्तक चुकल्यामुळे थंडावत नाहीत, कामांचा क्रम चुकल्यामुळे थंडावतात. सदस्य पुस्तक वाचतात, काहीही न लिहिता बैठकीला येतात, पहिल्या दोन-तीन वक्त्यांचे ऐकून आपले मत बनवतात आणि पुढे कोणी परीक्षण लिहिलेच, तर त्यात बैठकीतल्या सर्वांत ठाम आवाजाची नक्कल उतरते. मग परीक्षण वाचणाऱ्याला पुस्तक वाचावेसे वाटत नाही आणि बैठकीला येणाऱ्याला पुढच्या वेळी यावेसे वाटत नाही. पुढे दिलेला क्रम एकट्याने परीक्षण लिहिणाऱ्यालाही चालतो. त्याने फक्त गटाशी संबंधित टप्पे सोडून द्यावेत.

## टप्पा १: गटाचा आकार आणि हेतू ठरवा

गट सहा ते दहा जणांचा असावा. पाच जणांच्या गटात दोघे गैरहजर राहिले की चर्चेच्या गप्पा होतात, आणि पंधरा जणांच्या गटात नव्वद मिनिटांची बैठक सर्वांमध्ये वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटेच येतात. त्यातली निम्मी मिनिटे दोघे-तिघे संपवतात, ही गोष्ट वेगळी.

हेतू एका वाक्यात लिहून काढा आणि तो नेमका असू द्या. ‘वाचनसंस्कृती वाढवणे’ हा हेतू कामाचा नाही, कारण त्यावरून पुढचे पुस्तक कोणते घ्यायचे हे ठरत नाही. ‘आपण एरवी हाती घेतली नसती अशी पुस्तके वाचणे’ किंवा ‘एकाच विषयावरची चार वेगवेगळी पुस्तके लागोपाठ वाचणे’ यावरून ते ठरते.

तपासा: दोन सदस्यांना वेगवेगळे विचारा की गट कशासाठी आहे. उत्तरे जुळली नाहीत तर अजून पुस्तक निवडू नका.

## टप्पा २: पुस्तक निवडा, पण एकेका मताने नव्हे

नऊ सदस्य आहेत आणि चार पुस्तके सुचवली गेली आहेत असे समजा. प्रत्येकाने एकच मत दिले आणि ३, २, २, २ अशी विभागणी झाली, तर तीन मते मिळालेले पुस्तक ठरते आणि उरलेले सहा जण ते नाइलाजाने वाचतात. त्याऐवजी ‘यांपैकी कोणकोणती पुस्तके वाचायला तुमची तयारी आहे?’ असे विचारावे आणि प्रत्येकाने हव्या तितक्या नावांपुढे खूण करावी. सर्वाधिक खुणा मिळालेले पुस्तक बहुधा कोणाचेच पहिले आवडते नसते, पण ते पुरे वाचून येणारे अधिक असतात, आणि गटाला गरज त्यांचीच असते.

मतदानापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पुस्तक सध्या छापले जात आहे का किंवा ग्रंथालयात त्याच्या पुरेशा प्रती आहेत का. ते किती पानांचे आहे. आणि अनुवाद असेल तर कोणाचा. एकाच ग्रंथाचे दोन अनुवाद घेऊन बसलेल्या गटाचा अर्धा वेळ ‘माझ्या प्रतीत असे नाही’ यात जातो. यावर साधा उपाय आहे. पुस्तकाच्या नावाबरोबर त्याचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांकही सर्वांना कळवावा. तो २००७ पासून तेरा अंकी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी सापडेल, आणि आवृत्ती किंवा अनुवाद बदलला की तोही बदलतो.

सावधान: प्रती मिळत नाहीत म्हणून स्कॅन केलेली पीडीएफ गटात फिरवू नका. स्वामित्वहक्काचा प्रश्न आहेच, शिवाय तिच्यात गळालेली पाने शेवटच्या दिवशी लक्षात येतात.

## टप्पा ३: तारीख वाचनाच्या वेगावरून काढा

‘महिन्याचा शेवटचा रविवार’ असे आधी ठरवून मग पुस्तक त्यात कोंबले जाते. हिशेब उलट दिशेने करावा. निवडलेल्या पुस्तकाची मधली काही पाने, सुरुवातीची नव्हेत, अर्धा तास नेहमीच्या वेगाने वाचून पाहा आणि किती झाली ते मोजा. अर्ध्या तासात १५ पाने होत असतील, तर ३२० पानांच्या पुस्तकाला वाचनाची अशी २२ सत्रे लागतात. रोज अर्धा तास वाचणाऱ्याला, चार-पाच दिवस चुकणार हे धरून, चार आठवडे हवेत. ६०० पानांच्या पुस्तकाला त्याच वेगाने ४० सत्रे लागतात. ते गटाच्या दोन बैठकांत विभागावे आणि पहिली बैठक कोणत्या प्रकरणापर्यंत हे आधी जाहीर करावे.

बैठकीच्या तारखेआधी आणखी एक तारीख हवी, ती म्हणजे परीक्षणाचा खर्डा पूर्ण करण्याची. ती बैठकीच्या तीन दिवस आधीची ठेवा. ही तारीख नसेल तर पुढचे टप्पे कागदावरच राहतात.

## टप्पा ४: वाचताना नोंदी करा

नोंदवही न ठेवता वाचलेल्या पुस्तकाबद्दल दोन आठवड्यांनी जे आठवते ते म्हणजे कथानक, शेवट आणि एक धूसर मत. परीक्षण या तिन्हींवर उभे राहत नाही.

पद्धत अगदी साधी आहे. पान क्रमांक, जे दिसले ते, आणि त्याने काय वाटले ते. ई-पुस्तक वाचणाऱ्यांनी पानाऐवजी प्रकरण आणि परिच्छेद लिहावा, कारण अक्षरांचा आकार बदलला की पाने सरकू शकतात. एका बसणीत दोन-तीन नोंदी पुरेत. प्रत्येक पानावर रेघा मारणाऱ्याच्या हाती शेवटी रंगवलेले पुस्तक तेवढे उरते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक कादंबरी घेऊ. एक निवृत्त न्यायाधीश स्वतःच दिलेल्या एका जुन्या निकालाची चौकशी सुरू करतो. वाचकाच्या वहीत अशा नोंदी आहेत:

पृ. ३८: न्यायाधीश साक्षीदाराचे नाव चुकीचे सांगतो. चूक लेखिकेची की त्याची?

पृ. ११२: तेच नाव, तशीच चूक. म्हणजे मुद्दाम.

पृ. १४०–१९०: कंटाळा. तीन प्रकरणे नुसती न्यायालयाची कागदपत्रे.

पृ. २०४: दोन कागदांतल्या तारखा जुळत नाहीत, आणि हे त्याला आत्ता दिसते. मी ते पृ. १५६ वर वाचले होते, तेव्हा नजरेतून सुटले.

या चार ओळींकडे नीट पाहा. तिसरी नोंद बैठकीत ‘मधला भाग रेंगाळतो’ म्हणून सांगितली गेली असती आणि चार जणांनी माना डोलावल्या असत्या. चौथ्या नोंदीमुळे त्याच कंटाळ्याचा अर्थ बदलतो: न्यायाधीशाने जसे कागद चाळून बाजूला ठेवले तसेच ते वाचकाकडूनही चाळले जावेत, अशी रचना आहे. आता प्रश्न असा उरतो की या एका क्षणासाठी पन्नास पानांची किंमत रास्त आहे का. ‘नाही’ असे उत्तर देणारा वाचकही आता पुस्तकाबद्दल बोलत असतो. आधी तो फक्त स्वतःच्या कंटाळ्याबद्दल बोलला असता.

यासाठी कंटाळा, राग, गोंधळ या नोंदी खोडू नयेत. त्या चुकीच्या ठरल्या तरी वाचन कुठे वळले हे त्याच दाखवतात.

सावधान: पुस्तक संपेपर्यंत इतरांची परीक्षणे, मुलाखती आणि गुणांकन वाचू नका. प्रस्तावना दुसऱ्या कोणी लिहिली असेल तर तीही शेवटी वाचा. प्रस्तावनेत शेवट फोडणाऱ्या विद्वानांची संख्या कमी नाही.

तपासा: पुस्तक संपताना वहीत किमान दहा नोंदी आणि त्यांत एखादी तरी नंतरच्या नोंदीने खोटी ठरवलेली आहे का? नसेल तर आपण पुस्तक बहुधा ठरलेल्या मतानेच वाचले आहे.

## टप्पा ५: परीक्षणाचा खर्डा लिहा

पुस्तक संपल्यावर एक रात्र जाऊ द्या, पण आठवडा जाऊ देऊ नका. लिहायला बसल्यावर पहिले वाक्य शोधत थांबू नका. मधल्या भागापासून सुरुवात करा.

१. नोंदींतून तीन निवडा: जी सर्वांत महत्त्वाची वाटते ती, जी तिच्या विरोधात जाते ती, आणि जिचा उलगडा अजून झालेला नाही ती. प्रत्येकीवर एक परिच्छेद लिहा.

२. मग निवाडा लिहा. जर्मन कवी गटे यांनी समीक्षेसाठी सुचवलेले तीन प्रश्न इथे अजूनही उपयोगी पडतात: लेखकाने काय करायचे ठरवले होते, ते करणे शहाणपणाचे होते का, आणि ते त्याला किती साधले. प्रश्नांचा क्रम बदलू नये. पहिल्याचे उत्तर न देता तिसऱ्यावर उडी मारली की प्रवासवर्णनात कथानक नाही आणि विनोदी पुस्तकात गांभीर्य नाही अशा तक्रारी होऊ लागतात.

३. त्यानंतर कथानकाचा परिचय लिहा आणि तो पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशापाशी थांबवा. पुढची एखादी घटना सांगितल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल, तर त्या परिच्छेदाच्या आधी स्पष्ट सूचना द्या. सातशे शब्दांच्या परीक्षणात कथानकाला दीडशेहून अधिक शब्द देऊ नयेत. कवितासंग्रह किंवा लेखसंग्रह असेल तर प्रत्येक रचनेला एकेक ओळ वाटत बसू नये. दोन रचना निवडून त्यांच्याबद्दल नीट लिहावे.

४. सर्वांत शेवटी आरंभ लिहा. तिथे पुस्तकातली एखादी ठोस गोष्ट यावी. वरच्या कादंबरीसाठी चुकीचे उच्चारले जाणारे साक्षीदाराचे नाव हा आरंभ होऊ शकतो. लेखिकेचा जन्म आणि तिची आधीची पुस्तके हा होऊ शकत नाही.

५. तपशील जोडा: पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठसंख्या. मुखपृष्ठ आणि आतली चित्रे यांबद्दल लिहिले असेल तर त्या चित्रकाराचे नावही द्यावे. अनुवादकाचे नाव गाळून भाषेची स्तुती करणारी परीक्षणे वरचेवर दिसतात. ती स्तुती नेमकी कोणाची, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला नसतो.

खर्डा झाला की खास परीक्षणी भाषेची छाटणी करा. ‘ओघवती भाषाशैली’, ‘वाचकाला खिळवून ठेवते’, ‘अंतर्मुख करायला लावते’, ‘प्रत्येकाच्या संग्रही असावे असे’ ही वाक्ये कोणत्याही पुस्तकाला चिकटतात आणि म्हणून एकाबद्दलही काही सांगत नाहीत. कसोटी सोपी आहे: वाक्यातले पुस्तकाचे नाव काढून दुसऱ्या पुस्तकाचे घाला. वाक्य तरीही खरे वाटत असेल तर ते काढून टाका. भाषा ओघवती आहेच असे वाटत असेल, तर दोन ओळींचे अवतरण द्या आणि वाचकाला ते स्वतः पाहू द्या.

अवतरणे छोटी असावीत आणि पुस्तक उघडे ठेवून अक्षरशः ताडून पाहावीत, अनुस्वार आणि स्वल्पविरामांसह. आठवणीतून लिहिलेल्या अवतरणात आपली स्वतःची शैली शिरते, आणि मग लेखकाच्या माथी आपले वाक्य जाते. पात्राच्या तोंडचे विधान लेखकाचे मत म्हणून उद्धृत करणे ही चूक तर अनुभवी परीक्षकांकडूनही होते.

सावधान: प्रत लेखकाने किंवा प्रकाशकाने भेट दिली असेल, किंवा लेखक परिचयाचा असेल, तर ते परीक्षणात लिहा. पुस्तक अर्धवट वाचले असेल तर परीक्षण लिहू नका. कुठे आणि का थांबलो याची टिपण लिहा आणि तिला परीक्षण म्हणू नका.

तपासा: परीक्षण मोठ्याने वाचा. ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याला ‘हे माझ्यासाठी आहे की नाही’ हे ठरवता येईल का? तुमच्या निवाड्याशी असहमत होण्याइतकी सामग्री तुम्ही त्याला दिली आहे का?

## टप्पा ६: सूत्रधाराने प्रश्न तयार करावेत

खर्ड्याच्या तारखेला प्रत्येक सदस्य आपल्या परीक्षणातली फक्त दोन वाक्ये सूत्रधाराकडे, म्हणजे त्या वेळची बैठक चालवणाऱ्या सदस्याकडे पाठवतो, गटात टाकत नाही. याचे कारण पुढच्या टप्प्यात येते. पूर्ण परीक्षण लिहिणे ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून निदान ही दोन वाक्ये लेखी घ्यावीत, त्यात सूट देऊ नये.

ही वाक्ये समोर ठेवून सूत्रधाराने सहा प्रश्न काढावेत. त्यांतले तीनच वापरले जातील. ‘पुस्तक कसे वाटले?’, ‘तुमचे आवडते पात्र कोणते?’ यांसारखे प्रश्न पाच मिनिटांत आटोपतात. चांगला प्रश्न पानाला बांधलेला असतो आणि त्यावर निदान दोन प्रामाणिक उत्तरे संभवतात: ‘पृ. २०४ वर न्यायाधीशाला चूक दिसते, तरी तो ती पृ. २३१ पर्यंत कोणाला सांगत नाही. ही भीती आहे की सवय?’ सदस्यांच्या वाक्यांत जिथे थेट विरोध दिसतो, तिथे सर्वांत चांगला प्रश्न असतो.

## टप्पा ७: बैठक घ्या

आठ जणांच्या नव्वद मिनिटांच्या बैठकीत पहिली सोळा मिनिटे पहिल्या फेरीला, साठ मिनिटे प्रश्नांना आणि चौदा मिनिटे समारोप व पुढच्या निवडीला द्यावीत. घड्याळ सूत्रधाराखेरीज दुसऱ्या कोणाकडे असावे, कारण चर्चा ऐकणे आणि वेळ पाहणे ही दोन कामे एका माणसाला नीट जमत नाहीत.

पहिली फेरी. प्रत्येकाने लिहून आणलेली दोन वाक्ये वाचायची आणि हवे असल्यास दोन मिनिटांत खुलासा करायचा. मध्ये कोणी बोलायचे नाही, हसून दाद द्यायची नाही, ‘अगदी बरोबर’ म्हणायचे नाही. हा नियम सुरुवातीला कडक वाटतो. मात्र सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग त्याच्या बाजूने आहेत. रेषांची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या कामातही, इतर सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणसे त्या चुकीच्या उत्तरामागे गेली. उत्तर लिहून द्यायचे असले किंवा गटात एक तरी माणूस वेगळे बोलला, की हे प्रमाण बरेच घटले. रेषा समोर दिसत असताना असे होते, तर कादंबरीच्या शेवटाबद्दल काय होईल याची कल्पना करावी. लेखी वाक्ये आधी सूत्रधाराकडेच का द्यायची, याचे उत्तर हेच आहे. त्यांच्यावरून सूत्रधाराला फेरीचा क्रमही लावता येतो: सर्वांत वेगळे मत असलेल्याला पहिल्या तिघांत ठेवावे आणि ज्याच्या मताला गट मान देतो त्याला शेवटी.

प्रश्नांचा भाग. चर्चा पुस्तक सोडून आठवणी, राजकारण किंवा चित्रपट यांकडे वळली की सूत्रधाराकडे एकच वाक्य असावे: ‘हे पुस्तकात कुठे दिसते?’ बहुतेक वेळा उत्तर सापडते आणि चर्चा परत येते. सापडत नाही तेव्हा बोलणाऱ्यालाच ते कळते. स्वतःचा अनुभव सांगू नये असे नाही, पण तो पानापाशी येऊन संपावा.

एकच जण बोलत राहिला तर त्याला थांबवण्यापेक्षा त्याला काम देणे सोपे: ‘तुम्ही म्हणता तो उतारा शोधा, तोवर आपण दुसऱ्या बाजूचे ऐकू.’ गप्प बसणाऱ्याला ‘तुम्ही काहीच बोलला नाहीत’ असे म्हणून सर्वांसमोर उघडे पाडू नये. त्याच्या लेखी वाक्यांतला एखादा शब्द उचलून त्याबद्दल विचारावे.

पुस्तक पूर्ण न वाचता आलेल्यांचे काय करायचे हे आधीच जाहीर असावे. त्यांनी जरूर यावे, मात्र त्यांच्यासाठी शेवट झाकून ठेवला जाणार नाही. ज्या गटात एका सदस्यासाठी शेवटाची चर्चा टाळली जाते, तिथे पुढच्या वेळी तिघे अर्धवट वाचून येतात.

सावधान: गट मुरेपर्यंत लेखकाला बैठकीला बोलावू नका. लेखक समोर बसला की चर्चेचा सत्कार समारंभ होतो आणि प्रश्न ‘आपल्याला हे सुचले कसे’ इथपर्यंतच पोहोचतात. बोलवायचेच असेल तर आधी एक तास त्याच्याशिवाय चर्चा करा.

समारोप. शेवटच्या चौदा मिनिटांत पुन्हा एक छोटी फेरी घ्या: ‘येताना जे मत होते त्यातले काय बदलले?’ काहीच बदलले नाही हेही उत्तर चालते. नंतर लगेच पुढच्या पुस्तकासाठी खुणा, दोन्ही तारखा आणि पुढचा सूत्रधार ठरवा. हे ‘नंतर ग्रुपवर ठरवू’ म्हणून सोडले की कोणी ठरवत नाही.

## टप्पा ८: खर्डा पक्का करा

बैठकीनंतर दोन-तीन दिवसांत आपला खर्डा पुन्हा काढा. चर्चेत ज्या मुद्द्याने तुम्हाला अडवले तो परिच्छेद पुन्हा लिहा, पण पूर्ण परीक्षण गटाच्या सरासरी मताकडे ओढू नका. मत खरोखर पालटले असेल तर आधी काय वाटत होते आणि कोणत्या पानामुळे ते बदलले, हे दोन्ही ठेवा. वाचकाला त्याचाच सर्वाधिक उपयोग होतो. दुसऱ्या सदस्याने मांडलेले निरीक्षण वापरायचे असेल तर त्याला विचारून, त्याच्या नावाने किंवा ‘चर्चेत पुढे आलेला मुद्दा’ असे म्हणून वापरा. बैठकीत कोणी सांगितलेला खासगी अनुभव मात्र परीक्षणात कोणत्याही रूपात येऊ नये.

पक्की परीक्षणे एकाच वहीत किंवा फाइलमध्ये पुस्तकानुसार ठेवा. एका पुस्तकाचे तीन सदस्यांचे परस्परविरोधी निवाडे शेजारीशेजारी असतील, तर नव्या सदस्याला गटाची ओळख करून द्यायला दुसरे काही लागत नाही. त्याला पहिल्याच बैठकीत बोलायला लावण्यापेक्षा आधी ही वही वाचायला द्या, आणि त्यातल्या एखाद्या निवाड्याला हरकत घेणारी दोन वाक्ये लिहून आणायला सांगा.